चालत्या गाडीतून उतरताना

विज्ञानाचा तास सर घेतात असं मुलांना वाटतं, आणि ते खरंच आहे. पण तासाच्या आधी कुणीतरी कुलूप काढतं, टेबलं पुसतं, लंबकाचा झिजलेला दोरा बदलतं, स्पिरिटच्या दिव्याची वात कापतं. तास संपला की मुलांच्या खिशात गेलेली लोहचुंबकं गोड बोलून परत मागून घेतं. नाशिकच्या एका शाळेत हे काम मी पुष्कळ वर्षं केलं. मला सगळे मावशी म्हणत. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं निरोपाचा कार्यक्रम केला, शाल दिली आणि म्हणाले, मावशी, चार शब्द बोला. मी माईकपुढे उभी राहिले, नमस्कार केला आणि परत येऊन खुर्चीवर बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते चार शब्द तसेच राहून गेले. आता दुपारी सून कामावर गेली की घर रिकामं असतं, तेव्हा लिहिते. कुठे छापून यावं अशी इच्छा नाही.

नोकरी मला लागली ती बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी. आमचे मालक गेलेले, पदरात दोन मुलं. शाळेत बायकांना तेव्हा पाण्याच्या माठांवर ठेवत, नाहीतर शिक्षकांच्या चहापाण्यावर. मला मात्र पहिल्याच दिवशी सरळ प्रयोगशाळेत पाठवलं. आम्ही कोणत्या वस्तीत राहतो, कोणत्या विहारात जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माठावर का नाही, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्यात माझं भलंच झालं. माठ भरता भरता जन्म गेला असता. इथे मला देवरे सरांचे तास ऐकायला मिळाले.

देवरे सर सटाण्याकडचे. उंच, काळेसावळे, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. एरवी शुद्ध बोलायचे, पण शिकवताना रंगले की तिकडची अहिराणी बोली बाहेर यायची, ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं. "बल म्हणजे काय शे?" असं विचारलं की पोरं फिदीफिदी हसायची आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "ढकलणं शे, ओढणं शे" असं उत्तर द्यायचं. सरांना राग यायचा नाही. उत्तर बरोबर शे, म्हणायचे.

नववीला गती आणि बल हा धडा होता. दुसरे शिक्षक तो आठवड्यात संपवायचे. देवरे सरांना महिना पुरायचा नाही. त्यांचं म्हणणं असं, की हा धडा मुलांना घरूनच येत असतो, फक्त त्यांना ते माहीत नसतं. म्हणून ते पुस्तक मिटून ठेवायचे आणि विचारायचे, घरी गोधडी कोण झटकतं? मुली हात वर करायच्या. झटकली की धूळ कुठे जाते? गोधडी पुढे जाते, धूळ होती तिथेच राहते. बोरीची फांदी हलवली की बोरं का पडतात? तेच कारण. जी वस्तू थांबलेली आहे तिला थांबूनच राहायचं असतं आणि जी चालू आहे तिला चालूच राहायचं असतं. याला जडत्व म्हणतात. मला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मी घरी येऊन सगळ्या गोधड्या झटकल्या होत्या.

मला ते नावानं हाक मारायचे. आदल्या दिवशी सांगायचे, ताराबाई, उद्या गोफण लागेल. उद्या जातं लागेल, खुंट्यासकट. उद्या एक बादली पाणी आणि न गळणारा तांब्या. जात्याचा खुंटा मधल्या भोकाजवळ असता तर दळायला किती जोर लागला असता, हे त्यांनी मुलींकडून दळून घेऊन दाखवलं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहायला जाणाऱ्या मुलांना विचारलं, पुढे जायला हातानं पाणी कुठे लोटता? मागे. मग पुढे कोण लोटतं तुम्हाला? पोरं विचारात पडायची. आपण पाण्याला लोटतो आणि पाणी आपल्याला लोटतं, हे त्या वयात कुणी सांगितलं की माणूस पाण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. मीसुद्धा बघते.

सगळेच प्रयोग जमायचे असं नाही. एकदा तपासणीला साहेब येणार होते. सरांचा एक आवडता प्रयोग होता. टेबलावर चादर, चादरीवर पाण्यानं भरलेले पेले, आणि चादर एका झटक्यात ओढायची. पेले जागच्या जागी राहतात. आमची प्रयोगाची चादर जुनी, गुळगुळीत. पण साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांनी घरून नवा टेबलक्लॉथ आणला. त्यांच्या मिसेसनी स्वतः विणलेला, चारी बाजूंनी गोंडे. मी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. मुख्याध्यापकांपुढे कोण बोलणार? सरांनी ओढला. गोंडे पेल्यांना अडकले आणि सगळं पाणी पहिल्या खुर्चीवर बसलेल्या साहेबांच्या मांडीवर. सर शांतपणे मुलांना म्हणाले, "बघा, चादर थांबली पण पाणी थांबलं नाही. ते का?" साहेबच हसायला लागले आणि म्हणाले, जडत्व. शेरा चांगला मिळाला. मुख्याध्यापकांच्या मिसेसचा टेबलक्लॉथ मात्र परत कधी दिसला नाही.

असं हसत लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण लिहायला बसले ते ज्याच्यासाठी, ते यातलं नाही.

सुकदेव नावाचा एक मुलगा नववीला होता. पेठच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथून रोज बसनं यायचा. वडील कोरडवाहू शेती करायचे, घरी एक म्हैस, त्याच्या पाठची बहीण सुमन. मुलगा अबोल होता. प्रयोगशाळेत कधी काही फोडलं नाही, कधी चुंबक नेलं नाही. त्यामुळे त्याच्याशी माझं बोलणंही फारसं झालं नाही. शाळेत ज्यांना ओरडावं लागतं तीच मुलं आपल्या ओळखीची होतात.

सर चालत्या गाडीचं जडत्व शिकवायला एक लाकडी गाडी वापरायचे. सुताराकडून चाकं लावून घेतलेली, तिच्यावर एक ठकी, म्हणजे लाकडी बाहुली, उभी करायची. मी दोरी ओढायची. गाडी एकदम ओढली की ठकी मागे पडते, पुढे वीट ठेवून गाडी अडवली की ठकी पुढे पडते. बसमध्ये ब्रेक लागला की आपण पुढे जातो, तसंच. इथपर्यंत सगळ्या शाळांत शिकवतात. पुस्तकात पुढे एक वाक्य असायचं, की चालत्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला लागताच थांबतात पण वरचं अंग पुढेच जात असतं, म्हणून त्यानं गाडीच्या दिशेनं थोडं पळत जावं, नाहीतर तो तोंडावर पडेल.

दुसरे शिक्षक हे वाक्य वाचून पुढे जायचे. देवरे सर त्या वर्षी मुलांना मैदानावर घेऊन गेले. उंच उडीसाठी टाकलेली वाळू होती, तिच्या कडेनं ढकलायला फाटकावरच्या केळेवाल्याची रिकामी हातगाडी मागून आणली होती. चार मुलं गाडी ढकलणार, एक वर उभा राहणार आणि चालत्या गाडीवरून वाळूत उतरणार. पहिला जो उतरला तो उतरून सरळ उभा राहायला गेला आणि तोंडभर वाळू खाऊन उठला. दुसरा मागच्या दिशेला तोंड करून उतरला, तो आणखी वाईट पडला. सगळे पोट धरून हसत होते, मी शाळेच्या पायरीवर उभी राहून हसत होते.

मग सुकदेव चढला. गाडी चांगली वेगात होती. त्यानं एका हातानं गाडीची दांडी धरून ठेवली, अंग किंचित मागे टाकलं, एक पाय खाली सोडला, आणि उतरला तो पळतच. चार-दोन पावलं गाडीच्या सोबत गेला आणि हळूच थांबला. जसं काही गाडीनं त्याला अलगद खाली ठेवलं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वर्गाला म्हणाले, "पाहिलं? याला म्हणतात नियम समजणं. असं उतरायचं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुकदेव खाली मान घालून हसला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात सुकदेव गेला.

संध्याकाळी बसनं घरी जात होता. त्यांचं घर आणि शेत गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर. बस थांबायची पुढे गावात. वळणावर ती हळू व्हायची. तिथे तो उतरला. रस्त्याच्या कामासाठी खडी पसरलेली होती, तिच्यावरून त्याचा पाय सरकला. बसचं मागचं चाक होतं. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी सांगितलं आणि शाळा सोडून दिली. मुलं गेली. सर प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले. मी दिवे पुसत होते. मी चौथा दिवा हातात घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "ताराबाई, तो पळाला असेल का हो?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही काय विचारतात ते. मग कळलं. पळाला नसेल, तर शिकवलेलं विसरला. पळाला असेल, तर शिकवलेल्याच्या भरवशावर उतरला. सरांना उत्तर पाहिजे होतं, आणि दोन्हीपैकी कुठलंच सोसण्यासारखं नव्हतं.

रविवारी ते बसस्टँडवर गेले आणि त्या बसच्या कंडक्टरला शोधून काढलं. सोमवारी मला म्हणाले, पळाला होता. कंडक्टर म्हणाला, पोरगा सराईतासारखा उतरला, पुढच्या अंगाला पळाला, पण खालून खडी निसटली. हे सांगताना सर माझ्याकडे नाही, खिडकीतून मैदानाकडे बघत होते.

सरांना कुणी दोष दिला नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, देवरे, मनाला लावून घेऊ नका, ते पुस्तकात छापलेलं आहे, सगळी शाळा शिकवते. सर म्हणाले, "पुस्तकात छापलंय. मी उतरवून दाखवलं." मुलांच्या पालकांत थोडी कुजबुज झाली आणि विरली. कुणी उघड भांडलं असतं, चौकशी लावली असती, तर सरांना निदान कुणाला तरी उत्तर देता आलं असतं. कुणीच काही म्हटलं नाही, म्हणून सगळं त्यांच्याजवळच राहिलं.

सुकदेवची आई आली ती सगळे विधी आटोपल्यावर. सोबत त्याचे वडील होते, पण ते आत आले नाहीत, दाराबाहेर व्हरांड्यात उभे राहिले. ती पदर डोक्यावर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आली आणि सर कोण, असं तिनं मला विचारलं. मी सरांकडे बोट केलं. सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की आता ही बाई जे काही बोलेल ते त्यांना मान्य असेल.

ती म्हणाली, "गुरुजी, पोरांनी सांगितलं, तुम्ही गाडीतून उतरायचं शिकवलं व्हतं. काय शिकवलं ते मला दावा."

सरांनी स्टूल तिच्यापुढे सरकवलं, ती बसली नाही. तिनं परत म्हटलं, "त्याचा बाप म्हनतो, पोरगं उंडारकी करत व्हतं, मस्ती केली आन् गेलं. रोज म्हनतो. मला बघायचंय, त्यानं मस्ती केली का."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून लाकडी गाडी काढली, ठकी तिच्यावर उभी केली, पुढे वीट ठेवली. ठकी दोनदा आपणहून पडली. मग दोरी ओढली. गाडी विटेला थडकली, ठकी पुढे पडली. सर सांगत होते, मुलांना सांगायचे तसंच, पण अगदी हळू आवाजात. पाय थांबतात. अंग थांबत नाही. म्हणून अंगासोबत पायांनी थोडं पळायचं.

"परत करा," ती म्हणाली. मी परत केलं. तिनं ते वाकून पाहिलं. मग सरळ उभी राहिली आणि विचारलं, "तो पळाला का?"

सर खोटं बोलू शकले असते. माहीत नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "पळाला. मी सांगितलं तसाच पळाला."

"म्हंजे तो चुकला नाय."

"नाही. तो चुकला नाही."

"मंग चुकलं कोन?"

सरांनी पडलेली ठकी उचलून गाडीवर उभी केली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग दाराकडे वळून, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ऐकलं का, गुरुजी म्हनतात पोरगं चुकलं नाय." ती निघून गेली. मला तेव्हा वाटलं, तिला जे हवं होतं ते मिळालं, आणि सरांना जे नको होतं तेही.

त्यानंतर सरांचं शिकवणं बदललं. गती आणि बल हा धडा आठवड्यात संपू लागला. "पुस्तक उघडा. लिहून घ्या." गोफण नाही, जातं नाही, गोधडी नाही. आदल्या दिवशीचं "ताराबाई, उद्या हे लागेल" बंद झालं. वर्गात एक मुलगा उभा राहून उतारा वाचायचा, मग सर व्याख्या सांगायचे, मुलं लिहायची. त्या गाडीच्या वाक्याच्या आधीच ते वाचणाऱ्याला थांबवायचे आणि पुढच्या परिच्छेदावर जायला सांगायचे. बोलीतला शेवटचा "शे" मी कधी ऐकला ते मला आठवत नाही. गंमत अशी, की शाळेचा विज्ञानाचा निकाल त्यामुळे घसरला नाही, उलट थोडा वरच गेला. मुलं व्याख्या धडाधड पाठ म्हणायची. मुख्याध्यापक खूश होते.

माझं काम कमी झालं. पगार तोच. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मी टेबलं दोनदा पुसायची.

सुकदेवची बहीण सुमन आमच्याच शाळेत आली. वडील नको म्हणत होते, आईनं हट्टानं घातली. पण बसनं नाही. एवढं अंतर मायलेकी चालत यायच्या. सकाळी आई तिला फाटकापर्यंत सोडायची, संध्याकाळी आधीच येऊन रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली बसून राहायची. मुली सुमनला चिडवायच्या, म्हणायच्या, हिची आई हिचं दप्तर आहे. सुमनला त्याचं काही वाटत नसे. भावासारखी अबोल नव्हती ती, नजर वर करून बोलायची.

ती नववीत गेली आणि तो धडा आला. मी मागे कपाट आवरत होते. उतारे पाळीपाळीनं वाचून घेणं चाललं होतं आणि त्या परिच्छेदाला पाळी सुमनची आली. सरांच्या ते आधी लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा ती उभी राहिली होती. सर म्हणाले, "बस तू. पुढचा मुलगा, पुढचा परिच्छेद वाच." ती बसली नाही. वाचू लागली. चालत्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाचे पाय. सगळा वर्ग खाली बघत होता, सगळ्यांना ठाऊक होतं ती कोण. तिनं वाक्य शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाली, "सर, मला समजलं नाही. समजावून सांगा."

मी इतकी वर्षं शाळेत होते. समजलं नाही म्हटल्यावर पुढे गेलेला देवरे सरांचा तास मी पाहिला नव्हता. ते खडू हातात घेऊन उभे राहिले. मग खडू खाली ठेवला आणि बोलायला लागले. कुठली वस्तू मागितली नाही. आपल्याच दोन पायांवर सांगितलं. फळ्यापासून दारापर्यंत चालत गेले, मध्येच पाय थांबवले आणि अंग पुढे कसं जातं ते दाखवलं. मग पाय पुढे टाकून अंग कसं सावरतं ते दाखवलं. तिथे त्यांचा आवाज गेला. टेबलाला धरून थोडा वेळ उभे राहिले, मग खाकरून परत सुरुवात केली आणि पुरं केलं. शेवटी म्हणाले, "नियम असा आहे. पण कुणीही, कधीही उतरायचं नाही. समजलं?"

"समजलं सर," सुमन म्हणाली आणि बसली.

त्या दिवसापासून सर पुन्हा पूर्वीसारखे शिकवू लागले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. निवृत्त होऊन सटाण्याला परत गेले तोपर्यंत ते पुस्तकातूनच शिकवत राहिले, फक्त तो एक परिच्छेद सोडून द्यायचं बंद झालं. तो ते स्वतः उभं राहून सांगायचे. पुढे तीन-चार वर्षांनी कुणाकडून तरी कळलं, की तिकडे ते देवाघरी गेले.

पण सुमनच्या त्या तासाच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते शाळेत माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

सकाळी सुमनला सोडायला आलेली तिची आई फाटकावरून परत गेली नाही. ती आत आली, व्हरांड्यातून सरळ प्रयोगशाळेत. सर नुकतेच येऊन हजेरी बघत होते. मी काचेची भांडी धूत होते. या वेळी तिच्या सोबत कुणी नव्हतं. मी बाहेर जाऊ लागले तर म्हणाली, "बाई, तुम्ही असू द्या. तुम्हीबी व्हता तवा."

मग ती सरांना म्हणाली, "सुमीनं सांगितलं काल. शिकवता शिकवता तुमचा आवाज गेला म्हनं."

सर म्हणाले, तुमच्या मुलीनं विचारलं म्हणून सांगितलं. मी ते वाक्य टाळतो एरवी. मीच त्याला उतरायला शिकवलं, हे त्या दिवशी मला तुमच्यापुढे तोंडानं म्हणता आलं नाही, आज म्हणतो.

"नाय," ती म्हणाली. "तेच सांगाया आले. तुम्ही नाय शिकवलं."

तिनं पदराचा शेव बोटाला गुंडाळला होता आणि बोलताना तो सारखा उलगडत होती, गुंडाळत होती. "तो पाचवीपासून उतरायचा, गुरुजी. त्या वळणाला गाडी हळू व्हती. मी वावरातून रोज बघायचे. गावातून चालत यायचं म्हंजे उशीर व्हायचा, म्हैस अडून राहायची, त्याच्याशिवाय पान्हवायची नाय. मीच म्हनायचे, लवकर येत जा. उतरू नको असं एकदाबी बोलले नाय."

सर तिच्याकडे बघत राहिले. पाचवीपासून, एवढंच म्हणाले.

"तुम्ही मैदानात उतरवलं त्या दिशी घरी येऊन हसत व्हता. म्हनला, सरांना वाटलं मी आत्ताच शिकलो. म्हनलं, मंग सांगायचं व्हतं ना. तर म्हनला, कशाला, त्यांना लय बरं वाटत व्हतं."

सर स्टुलावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग चेहरा पुसून त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"मालक भाईर उभे व्हते. त्यांना कळलं असतं, मी रोज बघत व्हते, तर मला त्या घरात ऱ्हाऊ दिलं नसतं. सुमीचं काय झालं असतं?" ती थांबली. मग खाली बघून म्हणाली, "आन् मला वाटलं, गुरुजी शिकल्याले हायेत. ते सोसतील. दोन सालं तुमच्या अंगावर टाकून मी गप बसले."

सर रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर मी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, परत लावला, आणि आपल्या घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "झोप लागायची का तुम्हाला?"

"नाय," ती म्हणाली.

"मलाही नाही."

पहिल्या तासाची घंटा झाली आणि नववीची मुलं दाराशी येऊन उभी राहिली, आत येऊ का, आत येऊ का, म्हणून ढकलाढकली करायला लागली. सरांनी वर पाहिलं नाही. मी हात पुसले, बाहेर आले, दार लोटून घेतलं आणि मुलांना म्हणाले, जरा थांबा बाळांनो, सर कामात आहेत.